पूल झाला, रांग सरकली: गोव्यातल्या वाहतूक नियोजनाचा हिशेब

मांडवी नदीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला आणि पणजीच्या दारातली कोंडी सुटली. नाहीशी मात्र झाली नाही. मांडवी ओलांडून पर्वरीला जाऊन बसली. मग २०२४ मध्ये पर्वरीत महामार्गावर पाच किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम हाती घेतलं गेलं. त्यावरून गाड्या सुसाट गिरीपर्यंत येतील आणि तिथे म्हापशाकडे, कळंगुटकडे वळणाऱ्या वाहनांत शिरतील. पुढची रांग कुठे लागणार हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून पूल बांधू नयेत असं कोणी म्हणत असेल, तर त्याने ५ जुलै १९८६ आठवावा. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि उत्तर गोव्याची राजधानीशी असलेली सरळ वाट भर पावसात तुटली. नवा पूल यायला १९९२ उजाडलं. मधली वर्षं माणसं, दूध, मासळी, सरकारी फायली, सगळं फेरीबोटीवर. एकाच पुलावर अर्धं राज्य टांगून ठेवलं की काय होतं, हे गोव्याने तेव्हा पाहिलं. पर्यायी वाट ठेवणं ही चैन नाही हा धडा आपण बऱ्यापैकी शिकलो. पणजीजवळ मांडवीवर आज तीन पूल आहेत. जुवारीवरही १९८३ च्या थकलेल्या पुलाशेजारी नवा आठपदरी पूल उभा आहे. त्याची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली.

न शिकलेला धडा वेगळा आहे. पूल किंवा रस्ता बांधण्याआधी एक हिशेब करायचा असतो. तो आपण करत नाही, किंवा करतो आणि फायलीत ठेवतो. त्या हिशेबात फार गूढ काही नाही. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तो समजावा.

चार प्रश्न

वाहतूक नियोजनाची जगभर रुळलेली एक पद्धत आहे. तिच्यात चार प्रश्न ओळीने विचारतात. कोणत्या गावातून रोज किती प्रवास निघतात? ते जातात कुठे? कशाने जातात? आणि कोणत्या वाटेने?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी घरोघरी विचारपूस करतात, रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवून ‘कुठून आलात, कुठे निघालात’ असं विचारतात. कधी हातात पाटी-पेन्सिल घेऊन नाक्यावर बसलेली मुलं दिसतात, ती या वाटेवरून किती गाड्या जातात ते मोजत असतात. आलेल्या उत्तरांतून एक मोठा तक्ता होतो: उभ्या ओळीत गावं, आडव्या ओळीत तीच गावं, आणि प्रत्येक चौकटीत एका गावातून दुसऱ्या गावात जाणारे लोक. पेडण्याहून म्हापशाला किती, काणकोणहून मडगावला किती, फोंड्याहून पणजीला किती. हा तक्ता म्हणजे नियोजनाचा पाया. हा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

तिसरा प्रश्न साधनाचा: बस, दुचाकी, कार, रेल्वे, फेरी, की कंपनीची गाडी. चौथा वाटेचा: एवढे सगळे लोक एवढ्या वाहनांतून निघाले, तर कोणत्या रस्त्यावर किती भार पडेल.

आपल्याकडे सुरुवात बहुधा चौथ्यापासून होते. अमुक रस्त्यावर गाड्या मावत नाहीत, म्हणून तो रुंद करा. गाड्या तिथे का आल्या, त्यातल्या किती जणांना दुसरं साधन असतं तर ते गाडी काढून आलेच नसते, हे विचारायची पाळीच येत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदणी झालेली वाहनं १५ लाखांच्या पुढे गेलीत. (यात परसात गंजत पडलेल्या स्कूटर आणि भंगारात निघालेल्या गाड्याही आल्या, म्हणून माणशी एक वाहन हे वाक्य जरा जपून वापरावं. पण कल काय आहे ते दिसतं.)

केप्याहून वेर्ण्याला

तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण या वाटेने जाणाऱ्या कोणालाही ते परके वाटणार नाहीत.

केप्याच्या एका वाड्यावरची मुलगी वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. घरातून थांब्यापर्यंत दहा मिनिटं चालणं. बसची पंधरा मिनिटं वाट. मडगावपर्यंत पस्तीस मिनिटं. तिथे गाडी बदलायची, आणखी पंधरा मिनिटं वाट. दुसरी बस पंचवीस मिनिटं. ती हमरस्त्यावर सोडते. तिथून चढ चढून वसाहतीतून कारखान्याच्या गेटपर्यंत वीस मिनिटं. एकूण दोन तास. हाच प्रवास स्कूटरने पाऊण तासाचा.

आता गंमत पाहा. नियोजनकार घड्याळातले दोन तास जसेच्या तसे घेत नाहीत. बसमध्ये बसलेलं मिनिट आणि थांब्यावर उन्हात, पावसात उभं राहिलेलं मिनिट माणसाला सारखं वाटत नाही. अनेक देशांत झालेल्या अभ्यासांतून ढोबळ नियम निघालाय: चालण्याचं आणि वाट पाहण्याचं मिनिट साधारण दुप्पट धरावं. या मुलीच्या प्रवासात चालणं आणि थांबणं मिळून साठ मिनिटं आहेत. त्यांची झाली एकशे वीस. बसमधली साठ तशीच. म्हणजे तिच्या दृष्टीने हा प्रवास एकशे ऐंशी मिनिटांचा. समोर स्कूटरची पंचेचाळीस. पहिल्या दोन पगारांतून हप्त्यावर स्कूटर येते यात नवल काय?

समजा, सरकारने वळणरस्ता काढला आणि वाटेतली दहा मिनिटं वाचली. बसचे एकशे ऐंशीचे एकशे सत्तर झाले, स्कूटरचे पंचेचाळीसचे पस्तीस. कोट्यवधी रुपये खर्चून बस स्कूटरपेक्षा होती तेवढीच मिनिटं मागे राहिली, आणि पटीत पाहिलं तर आणखी मागे पडली. वळणरस्ता वाईट होता असं नाही. बसमधल्या माणसाचं दुखणंच तिथे नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उलट समजा, रस्ता आहे तसाच ठेवला. पण केप्याची बस वेळापत्रकाने सुटू लागली, म्हणून घराजवळच्या थांब्यावर वाट पाहणं पाच मिनिटांनी कमी झालं. मडगावची दुसरी बस पहिलीला जोडून पाच मिनिटांत निघू लागली. आणि ती हमरस्त्यावर न सोडता वसाहतीत आत शिरून कामाच्या पाळीच्या वेळेला गेटजवळ थांबली, शेवटचं चालणं पाचच मिनिटं उरलं. चालणं आणि थांबणं आता तीस मिनिटं, त्यांची दुपटीने साठ, बसमधली साठ. झाले एकशे वीस. तासाभराचा फायदा, आणि डांबराचं एक पिंपही लागलं नाही.

स्कूटर तरीही जिंकते, हे खरं. पण रात्री अकराला पाळी सुटल्यावर जुलैच्या पावसात वेर्ण्याहून केप्याला स्कूटर चालवण्यापेक्षा बस बरी असं म्हणणाऱ्या मुली, आणि त्यांचे आईवडील, निघतील. अडचण अशी की त्या वेळेला बसच नसते. खासगी बसवाला रिकामी फेरी का मारेल? कदंब महामंडळ १९८० पासून आहे, पण गावागावांतली बरीचशी वाहतूक खासगी बसवाल्यांच्या हाती. दिवसा प्रवासी मिळेपर्यंत थांबून राहायचं आणि रात्र पडली की गाडी घरी न्यायची, हा त्यांचा हिशेब. तो त्यांच्या जागी बरोबरच आहे. खासगी बसना कदंबच्या छत्राखाली आणणारी ‘म्हजी बस’ योजना याच दुखण्यावर आहे. तिचं यश बसगाड्यांच्या संख्येवर मोजू नये. रात्री आठनंतर किती फेऱ्या झाल्या, त्यावर मोजावं.

आणि बस नीट चालवली तर लोक बसतात, याचा दाखला गोव्यातच आहे. पणजी–मडगाव कदंब शटल. खिडकीवर तिकीट घ्या, रांगेने चढा, सगळ्यांना बसायला जागा, मध्ये थांबा नाही. कार परवडणारी माणसंही त्या रांगेत दिसतात.

रस्त्याने नोकऱ्या येतात त्या कशा?

‘रस्ता आला की विकास आला’ हे वाक्य प्रत्येक भूमिपूजनाला ऐकू येतं. त्यातली साखळी सुटी करून पाहायला हवी.

एक, माणसांचा बाजार मोठा होतो. वेर्ण्याच्या कारखान्याला एका तासाच्या आत येऊ शकणारी माणसं जास्त मिळाली की योग्य माणूस सापडायची शक्यता वाढते, आणि काम करणाऱ्यालाही एकाच मालकाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दोन, माल स्वस्तात हलतो. तीन, धंदे एकमेकांजवळ येतात. औषधाच्या कारखान्याला बाटल्या, खोकी, शीतगृह, दुरुस्तीवाला, सगळं हाताशी मिळतं. आर्थिक फायदा तो हाच. गाडी किती वेगाने गेली, हा नव्हे.

पण रस्ता दोन्ही दिशांना चालतो. वाळपईहून म्हापसा, डिचोली, पणजी जवळ आली की सत्तरीचा माल बाहेर जाईल, हे जितकं खरं, तितकंच वाळपईचं गिऱ्हाईक कपडे आणि फ्रीज घ्यायला बाहेर जाईल, हेही खरं. छोट्या गावातली दोन दुकानं बंद पडतात आणि त्याची नोंद कुठल्याही प्रकल्प अहवालात होत नाही. रस्त्याबरोबर तिथेच काही उभं राहणार आहे का, हे म्हणून आधी विचारायचं: बाजार, शीतगृह, आयटीआय, काहीतरी.

रुंद रस्ता स्वतःच गर्दी निर्माण करतो, हेही याच हिशेबात बसतं. कोंडी असताना लोक काही प्रवास टाळतात, काही वेळ बदलून करतात, काही बसने करतात. रस्ता मोकळा झाला की हे दबलेले प्रवास बाहेर येतात. वर, पणजी वीस मिनिटांवर आली म्हणून पर्वरीपलीकडे घर घेणारे येतात. काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. नियोजनकारांना हे अनेक दशकं ठाऊक आहे, निविदांना नाही.

खनिजाने आखलेला नकाशा

गोव्यात कधी कोणी पूर्ण साखळी आखलीच नाही असं नाही. आखली होती, आणि ती बिनचूक चालत होती. खनिजासाठी.

डिचोली, सत्तरी, सांगे, केप्यातल्या खाणींतून ट्रक निघायचे. ट्रकचा पल्ला मुद्दाम लहान: खाण ते नदीकाठची जेटी. आमोणे, सारमानस, इकडे सावर्डे-कुडचड्याचा पट्टा. जेटीवर माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीत. बार्ज मांडवीने किंवा जुवारीने खाली मुरगाव बंदरात, आणि तिथून बोटीत. जड माल, लांबचा पल्ला, म्हणून पाणी. रस्ता फक्त जोडणीपुरता. पावसाळ्यात मांडवीच्या मुखावर आग्वादजवळचा वाळूचा दांडा धोक्याचा होतो, तर त्यालाही तोड होती: बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरायचे आणि मुरगाव गाठायचे. नैसर्गिक वाट, हंगामाचं भान, एका साधनातून दुसऱ्यात माल देण्याची ठरलेली जागा. नियोजनाच्या वर्गात शिकवावं असं उदाहरण.

त्यातले दोन दोषही तसेच शिकवण्याजोगे. ट्रकच्या त्या लहान पल्ल्यात जी गावं आली त्यांनी धूळ खाल्ली, अपघात सोसले; कंपनीच्या ताळेबंदात तो खर्च कुठेच नव्हता. आणि सगळी साखळी एकाच मालासाठी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादेसह परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींचे ८८ पट्टे (लीज) रद्द होऊन १६ मार्चपासून काम पुन्हा थांबलं. बार्ज नांगरून पडले, हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, वाटेवरची गॅरेज आणि चहाची दुकानं बसली. जेट्यांवरून दुसरं काही नेता येईल अशी सोय कोणी केलीच नव्हती.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यांतले सहा गोव्यात: मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, शापोरा, म्हापसा नदी आणि साळ. नाव लागल्याने जलमार्ग चालत नाही. कोणता माल, कोणत्या जेटीवरून कोणत्या जेटीपर्यंत, हा तक्ता आधी हवा. तो समोर नाही म्हणून नदीकाठच्या गावांना नदीतून कोळसा नेणार अशी शंका येते, आणि ती शंका अनाठायी म्हणता येत नाही.

माणसांसाठी मात्र नदी अजून चालते. चोडण, दिवाडीची फेरीबोट पायी जाणाऱ्याकडून पैसे घेत नाही. २०२५ मध्ये चोडण–रायबंदर मार्गावर मोठ्या रो-रो (गाड्या थेट आत चढवता येणाऱ्या) बोटी आल्या. दिवाडीला पूल हवा की नको यावर बेटावरच दोन मतं आहेत. फेरी आहे म्हणून जमिनीचे दलाल अलीकडेच थांबतात, असं म्हणणाऱ्यांना वाहतुकीचं अर्थशास्त्र चांगलं कळतं, असं माझं मत आहे.

बेळगावची भाजी

नकाशावर गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. गोव्याचं ताट मात्र त्याहून बरंच मोठं. आपली बरीचशी भाजी बेळगावहून येते. रात्री गाड्या भरतात, चोर्ला किंवा अनमोड घाट उतरतात आणि उजाडायच्या आत म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारात पोचतात. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात मिळणारा टोमॅटोही बहुधा याच वाटेने येतो. २०२५ च्या पावसाळ्यात अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला. अशा वेळी अवजड गाड्यांना लांबचा वळसा पडतो; त्याचं डिझेल शेवटी गिऱ्हाईकच भरतं.

म्हणजे गोव्याच्या वाहतुकीतले काही नाजूक सांधे राज्याच्या हद्दीवर किंवा हद्दीपलीकडे आहेत. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून रोज कामाला येणारी माणसं आपल्या प्रवासाच्या तक्त्यात यायला हवीत, कारवारहून येणारीही. नियोजनाचा प्रदेश राज्याच्या सीमेने ठरत नाही. रोज जाऊन परत येता येतं तिथवर तो पसरतो. तसं पाहिलं नाही तर काय होतं? सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये हद्दीच्या अलीकडे मोपा. दोन राज्यं, दोन विमानतळ, गिऱ्हाईक बरंचसं तेच. मोपाची विमानं वाढत गेली. चिपीला नियमित विमानासाठी झगडावं लागलं.

मोपाचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथे नागरी विमानांना वेळेची बंधनं. पण विमानतळ राज्याच्या अगदी उत्तर टोकाला गेला तेव्हा काणकोणच्या हॉटेलवाल्याचं अंतर वाढलं आणि पेडण्याच्या जमिनीचा भाव चढला. फायदा कोणाला, तोटा कोणाला, हा तक्ता प्रकल्पाआधी मांडायचा असतो. वाद नंतर टॅक्सीवरून होतो, कारण आधी तो मांडलेला नसतो.

रेल्वेचंही असंच. मुरगावची लाइन १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून आली, बंदराला घाटमाथ्याशी जोडायला. कुळे ते कॅसलरॉक चढण सदतीस फुटांना एक फूट, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ पासून पूर्ण धावू लागली, मुंबईला मंगळुरूशी जोडायला. दोन्हींचा हेतू गोव्यातल्या गोव्यात फिरणाऱ्या माणसाचा नव्हता. म्हणूनच पणजीचं स्टेशन करमळीला आणि म्हापशाचं थिवीला. रुळ आहेत, स्टेशनं आहेत, पण सकाळी करमळीला उतरलेल्या कारकुनाला पणजीत नेणारी बस गाडीच्या वेळेला जोडलेली नसेल, तर तो पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलवर बसतो, नाहीतर पुढच्या वेळी रेल्वेच्या वाटेला जात नाही.

घाटातल्या रेल्वेच्या दुपदरीकरणाचा वाद पहिल्या प्रश्नाचाच होता: मागणी कोणाची? समर्थक प्रवासी आणि माल म्हणत होते. चांदोरला नोव्हेंबर २०२० मध्ये रात्री रुळांवर उतरलेले लोक म्हणत होते, बंदरातला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना न्यायला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुळे–कॅसलरॉक टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली.

जमीन आणि रस्ता, दोन खात्यांत

आता मुख्य गोम. वरचे चारही प्रश्न एका गोष्टीवर उभे आहेत: कोणत्या जमिनीवर काय होणार आहे. इथे शेत राहणार असेल तर इतके प्रवास निघतील, तीनशे सदनिका होणार असतील तर इतके. जमिनीचा आराखडा ठरलेला असला तरच वाहतुकीचा हिशेब पुढे सरकतो.

गोव्यात हा आराखडा म्हणजे प्रादेशिक आराखडा. २०११ पर्यंतचा आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला, गोवा बचाव अभियानाचं आंदोलन झालं, आणि २००७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मग २०२१ चा आराखडा. त्याच्या कृती दलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि नगर नियोजक एडगर रिबेरो होते, गावागावांतून सूचना मागवल्या गेल्या. पुढे नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आणि २०२४ मध्ये ३९-अ आलं. त्यांनी सर्वे नंबर-सर्वे नंबर सुटा काढून त्याचा झोन बदलण्याची वाट उघडली. १७(२) चे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले.

या कलमांवर पर्यावरणाच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय. वाहतुकीच्या अंगाने एवढंच सांगतो: दर बैठकीला इथली भातशेती तिथली वसाहत होणार असेल, तर दहा वर्षांपुढचा रस्ता आखणारा अभियंता कशावर आखणार? त्याने काल केलेला तक्ता आज शिळा. मग तो बापडा चौथ्या प्रश्नावरच येतो: गाड्या मावत नाहीत, रुंद करा.

आणि रस्त्याची घोषणा होते तेव्हा आधी हलतो तो जमिनीचा भाव. सरकारी पैशातून वाढलेला हा भाव त्याच सरकारकडे काही अंशी परत यावा, आणि त्यातून बस आणि पदपथ व्हावेत, ही साधी कल्पना आहे. बांधकामाच्या क्षेत्रफळावर पायाभूत सुविधा कर घेणारा कायदा गोव्यात २००९ पासून आहे. कोणत्या गावात जमा झालेल्या करातून त्याच गावात काय झालं, हे पंचायतीने ग्रामसभेत मांडलं तर चर्चेला वेगळाच रंग चढेल.

खाती किती, हे मोजायला बसलो तर लेख संपणार नाही: सार्वजनिक बांधकाम, वाहतूक, नदी परिवहन, बंदर कप्तान, नगर नियोजन, औद्योगिक विकास महामंडळ, दोन रेल्वे, एक बंदर, दोन विमानतळ, नौदल. एका बसचं वेळापत्रक एका रेल्वेशी जुळवायचं तरी या यादीतल्या निदान दोघांनी एका टेबलावर बसावं लागतं.

बांधापलीकडचं पाणी

शेवटचा मुद्दा खर्चाचा, आणि तो गोव्यात खाजनात दिसतो. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, बांधाने आणि मानशीने (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराने) राखलेली. भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं, ओहोटीला आतलं पाणी सोडायचं. या जमिनीतून रस्ता दोन तऱ्हांनी जातो: मातीचा भराव घालून किंवा खांबांवर. भराव स्वस्त. पण तो आडवा पडला की पाण्याची वाट अडते. मोऱ्या कमी किंवा चुकीच्या जागी असतील तर एका बाजूला शेत बुडतं, दुसऱ्या बाजूला सुकतं. हा खर्च ठेकेदाराच्या बिलात येत नाही, म्हणून कागदावर भराव नेहमीच जिंकतो. मडगावच्या पश्चिम बगलमार्गासाठी बाणावलीकडच्या लोकांनी खांबांची मागणी धरली, बोरीच्या नव्या पुलाच्या वाटेवरून लोटलीचे शेतकरी उभे राहिले, त्यामागे हा हिशेब आहे. विकासविरोधी म्हणून ते मोडीत काढणं सोपं. बुडालेल्या शेतांची वीस वर्षांची किंमत प्रकल्पाच्या खर्चात धरून पुन्हा बेरीज करणं थोडं कष्टाचं.

ही बेरीज सरकारकडून करून घ्यायची वेळ फार लहान असते. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की तिच्या प्रसिद्धीपासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली हीच मुदत ६० दिवसांची. जमिनीत हितसंबंध असलेल्या माणसाने ती द्यायची. म्हणजे मालक तर आलाच, पण कूळ आणि कोमुनिदाद (गावाच्या सामायिक जमिनीची संस्था) यांनीही गप्प बसायचं कारण नाही. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ असं लिहिलेला कागद सुनावणीत दोन मिनिटांत निकालात निघतो. त्याऐवजी विचारावं: वाहनमोजणी कोणत्या महिन्यात झाली, पर्यटन हंगामात की पावसाळ्यात? ‘कुठून-कुठे’ पाहणी झाली का? या टप्प्यात मोऱ्या किती, त्यांची रुंदी काय, आणि ती किती पावसावर बेतली? मानशी आणि रस्त्याची रेषा यांच्यात अंतर किती? बसथांबे आराखड्यात आहेत का, आणि रस्ता ओलांडायची सोय कुठे? पत्रावर सर्वे क्रमांक आणि उपविभाग न चुकता लिहावा, एक प्रत पंचायतीत द्यावी, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या कचेरीतून तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नये.